वजाबाकीचा डोंगर

मामांच्या फेऱ्या एक्केचाळीस की बेचाळीस, यावरून आमच्या घरात दर श्रावणात वाद होतो. मामी म्हणतात एक्केचाळीस, मामा म्हणतात बेचाळीस. घोळ आहे तो एकाच वर्षाचा. त्या साली पहिनेपाशी पावसाने असं झोडपलं की पुढचा ओढा छातीला लागला, आणि मंडळी आली त्या वाटेने त्र्यंबकला परत फिरली. मामांचं म्हणणं, जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर तर चाललोच, मग फेरी का नाही? मामींचं म्हणणं, डोंगराला वळसा पडला नाही तर ती फेरी कसली, तो हेलपाटा. मामा तलाठी म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर गुंठे आणि आणेवारी मोजलेला माणूस. पण या एका मोजणीत बायकोपुढे त्यांचा सातबारा चालत नाही.

फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची. श्रावणातला तिसरा सोमवार हा तिचा मोठा दिवस, पण गर्दी रविवारी रात्रीपासूनच सुरू होते. कुशावर्तात स्नान, मग प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने, कोजुली, धाडोशी, भिलमाळ, सापगाव, आणि डोंगर सतत उजव्या हाताला ठेवत पुन्हा त्र्यंबक. ही लहान फेरी, वीस किलोमीटरची. मोठी त्याच्या दुप्पट आहे, पण ती करणारे थोडे. वाटेत भाताची खाचरं, नाचणीचे उतार, धबधबे, गुडघाभर चिखल, आणि जागोजागी तीर्थं. तीर्थ म्हणजे कधी बांधीव कुंड, कधी खडकातला खळगा, कधी नुसती शेवाळलेली डबकी. समोर अंजनेरी, पलीकडे हरिहर आणि बसगड. ढगांनी परवानगी दिली तर, एवढं मात्र म्हणायला हवं. श्रावणात ते डोंगर दिसतात कमी आणि आहेत हे माहीत असतं जास्त.

या वर्षी मी मामांबरोबर गेलो. रात्री दोनला निघालो. अनवाणी माणसं, खांद्यावर झोपलेली पोरं, प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या आज्या, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. अंधारात पुढच्याच्या टाचेकडे बघत चालायचं. मला आकडेमोडीची वाईट खोड आहे, आणि पुढच्याच्या टाचेकडे बघत चालताना दुसरं काही करताही येत नाही.

वर्तमानपत्रं या दिवशीच्या गर्दीचे आकडे लाखांत देतात. आपण हात राखून एकच लाख धरू. एक लाख माणसं वीस किलोमीटरच्या वाटेवर एकाच वेळी सारखी पसरली, तर दर मीटरला पाच माणसं येतात. म्हणजे डोंगराभोवती पाच पदरी माणसांचं कडं, कुठेही फट नाही. या एक लाखांनी मिळून एका रात्रीत आणि अर्ध्या दिवसात चाललेलं अंतर वीस लाख किलोमीटर भरतं. चंद्र इथून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे दोनदा चंद्रावर जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा तिथे पोचल्यावरही थोडी मजल शिल्लकच. चपला न घालता.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, “फेरीचं सांग. चंद्राचं काय करायचंय?”

मग मी फेरीचंच माप केलं. एक फेरी म्हणजे वीस किलोमीटर. बघू यात काय काय मावतं.

पहिल्यांदा काळ घेतला. ज्या खडकावर आम्ही घसरत होतो, तो दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. ही सगळी वर्षं फेरीच्या वाटेवर अंथरायची. कुशावर्ताची पायरी सोडताना काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि वळसा पुरा करून त्याच पायरीवर आलो की आजचा दिवस. या हिशोबाने एक मीटर ३,३०० वर्षांचा होतो. चिखलात माझं पाऊल पासष्ट सेंटीमीटरचं पडतं. एक पाऊल टाकलं की एकवीसशे वर्षं सरली.

आता निघा. कुशावर्तापासून गल्लीतून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना रुद्राक्षांची, पेढ्यांची, पितळी भांड्यांची दुकानं आहेत. ती संपेपर्यंत जेमतेम तीनशे मीटर होतात. महाराष्ट्राचा हा काळा दगड बहुतेक सगळा एवढ्यातच ओतून झाला होता.

अतिशयोक्ती वाटेल, म्हणून थांबून सांगतो. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या ज्वालामुखीतून कारंज्यासारखा उडाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो थरावर थर असा पसरत गेला. आज उरलेला थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि सह्याद्रीजवळ त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. मुळात ओतलेला लाव्हा दहा लाख घन किलोमीटरांहून अधिक असावा असा अंदाज आहे. २०१९ साली संशोधकांच्या दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी या खडकांची वयं काढली. लाव्हा हप्त्याहप्त्याने आला की संथ चालू राहिला, यावर त्यांचं जमलं नाही. पण मुख्य ओघ दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, हे दोघांनाही मान्य. दहा लाख वर्षं म्हणजे आपल्या मापाने तीनशे मीटर. गल्लीचं तोंड.

दहा लाख घन किलोमीटर हा आकडा मात्र डोक्यात शिरत नाही. तो मामांच्या भाषेत आणावा लागला. तलाठ्याला गौण खनिजाचं एकच माप कळतं, ते म्हणजे ब्रास. शंभर घनफुटांचा एक ब्रास. एक घन किलोमीटरमध्ये ३५ कोटी ब्रास बसतात. मिनिटाला एक डंपर, दहा घनमीटरचा, रात्रंदिवस, सणवार न पाळता भरत राहिलो तर एका घन किलोमीटरला १९० वर्षं लागतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्र्यंबकेश्वराच्या देवळाचा दगड घडायला लागला तेव्हा पहिला डंपर सुटला असता, तर एक घन किलोमीटर इंग्रज जाता जाता पुरा झाला असता. आणि असे दहा लाख. तोच दगड आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत, ३,०७,७१३ चौरस किलोमीटरांवर, सपाट पसरला तर सव्वातीन किलोमीटर उंचीचा थर होईल. कळसूबाई १,६४६ मीटर. एकीवर एक अशा दोन कळसूबाया ठेवल्या की एवढी उंची होते.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि रॉयल्टी कुणी भरली?”

भूशास्त्राची पुस्तकं या थरांना नावं देतात, आणि ती नावं वाचताना एसटीच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. सह्याद्रीतल्या उतरंडीत अगदी तळाच्या थरांना जव्हार आणि इगतपुरी, मध्ये भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, आणि वर महाबळेश्वर. त्र्यंबकहून जव्हारची किंवा इगतपुरीची गाडी पकडणारा माणूस दख्खनच्या तळघराकडे निघालेला असतो.

गल्ली संपली. तीनशे मीटर झाले. आता पुढचे एकोणीस किलोमीटर सातशे मीटर काय झालं? फक्त झीज. मला या फेरीत सगळ्यात जास्त हलवून गेलेला आकडा हाच. बेरीज तीनशे मीटरांत संपली, आणि तिथून पुढे पाऊस, ऊन आणि ओढे एक एक कण काढून नेत राहिले. आपण म्हणतो ब्रह्मगिरी उभा आहे. खरं तर तो उभा राहिलेला नाही, उरलेला आहे. आपल्याकडे हिमालयासारखी जमिनीची घडी पडून डोंगर वर आले नाहीत. भोवतालचं गेलं आणि मधलं राहिलं. ब्रह्मगिरी १,२९८ मीटरांचा आहे, पण ते १,२९८ म्हणजे वजाबाकीतली बाकी. उजाडल्यावर क्षणभर ढग हलले तेव्हा हे डोळ्यांना दिसलं. ब्रह्मगिरीच्या कड्यावर आडव्या रेघा आहेत, हिरव्या आणि काळ्या, एकाआड एक. प्रत्येक रेघ म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. समोर अंजनेरीच्या कड्यावरही तशाच रेघा, जवळपास त्याच पातळीत. वहीचं पान मधून फाडलं की दोन्ही तुकड्यांवरच्या ओळी जुळतात, तसं. मधली दरी म्हणजे फाटून गेलेला कागद. दख्खनच्या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द मुळात स्वीडिश आहे आणि त्याचा अर्थ पायऱ्या. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराला सातशेच्या घरात पायऱ्या चढून जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

उरलेल्या वाटेवर काळाच्या खुणा फार विरळ आहेत. पाचेक किलोमीटरवर, म्हणजे प्रयागतीर्थ मागे टाकून पहिनेच्या रस्त्याला लागलो की भारत आशियाला धडकतो आणि हिमालय वर यायला सुरुवात होते. तोवर ब्रह्मगिरीचा दगड दीड कोटी वर्षांचा जुना झालेला असतो. दगड ओतला गेला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आजही तो वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटरने उत्तरेकडे सरकतो आहे. पूर्वी वेग याहून जास्त होता, पण पाचच धरले तरी ६ कोटी ६० लाख वर्षांत ३,३०० किलोमीटर झाले. म्हणजे ब्रह्मगिरीने स्वतःच १६५ फेऱ्यांइतकी चाल केली आहे; एका फेरीला चार लाख वर्षं या दराने. आपण त्याला प्रदक्षिणा घालतो आणि तो जाग्यावर थांबत नाही.

मग पुढे मैलोन्मैल काहीच नाही. धाडोशी जाते, भिलमाळ जातं, सापगाव जातं. माणूस नावाचा प्राणी येतो तो अगदी शेवटी, कुशावर्त नव्वद मीटरवर दिसायला लागल्यावर. शेवटच्या एका पावलात पांडवलेणी कोरली जातात. शेवटच्या फूटभरात, ११५० साली, भास्कराचार्य ‘लीलावती’ लिहितात. शेवटच्या चार बोटांत १७५० सालचं कुशावर्ताचं बांधकाम बसतं. मामांचं चौऱ्याहत्तर वर्षांचं आयुष्य सव्वादोन सेंटीमीटर भरलं. त्यातली फेऱ्यांची एक्केचाळीस वर्षं सव्वा सेंटीमीटर. वाद असलेलं ते एक साल मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मी हे मामींना सांगणार होतो, पण राहिलं.

आता पाणी.

गोदावरी इथे उगम पावते हे शाळेतच कळतं. वैतरणाही याच डोंगरात उगम पावते हे नाशिकबाहेर कमी लोकांना ठाऊक असतं. गोदेच्या उगमाची अधिकृत उंची १,०६७ मीटर. तिथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर, म्हणजे चार फेऱ्या. गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला १,४६५ किलोमीटर जाते, म्हणजे सव्वात्र्याहत्तर फेऱ्या. वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून मोकळी होते. या दोघींमधला बांध फेरीत किमान दोनदा ओलांडावा लागतो, कारण डोंगराच्या एका अंगाचं पाणी इकडचं आणि दुसऱ्या अंगाचं तिकडचं. मामांनी उभ्या जन्मात बांधावरून झालेली भांडणं मिटवली. पण हा बांध कुठल्या वावरातून जातो हे त्यांनाही दाखवता आलं नाही. ना दगड, ना मोजणीची खूण. चिखलात एका जागी पाणी मागे वाहत होतं आणि दहा पावलांवर पुढे, एवढंच.

दोन्ही नद्यांचा उतार बघितला की स्वभाव कळतो. गोदेच्या बाबतीत जवळपास निम्मी उडी पहिल्या तीस-पस्तीस किलोमीटरांतच संपते. नाशिकला येईपर्यंत ती सहाशे मीटरांवर आलेली असते. उरलेले चौदाशे किलोमीटर ती सरासरी किलोमीटरला बेचाळीस सेंटीमीटर या दराने उतरते. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर किलोमीटरला एक हात, तोही अपुरा. वैतरणेला तेवढीच उंची दीडशे किलोमीटरच्या आसपास संपवायची असते, म्हणजे किलोमीटरला सात मीटर, पंधरा-सोळा हात. जास्त उतार म्हणजे जास्त वेग, जास्त वेग म्हणजे जास्त कापणी. म्हणून सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडून कुरतडला जात पूर्वेला सरकत आला आहे. बांधावरचा शेजारी दर पावसाळ्यात थोडा थोडा नांगर आत घालतो, तसं. तलाठी आला तरी थांबत नाही.

फेरीच्या कड्याच्या आत किती पाऊस पडतो, हेही काढून बघितलं. वीस किलोमीटरची वाट अगदी गोल असती तर आत जवळपास ३२ चौरस किलोमीटर जागा मावली असती. तेवढ्या दोरीत त्याहून जास्त जागा कुठल्याच आकारात मावत नाही. पण वाट वेडीवाकडी आहे, म्हणून निम्मीच धरू, सोळा. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. अठ्ठावीस-तीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात निम्म्याहून जास्त पाऊस गळून जातो, आणि नाशिककर घरून छत्री न घेता निघतो तो पेगलवाडीला पस्तावतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. सोळा चौरस किलोमीटरांवर दोन हजार मिलिमीटर म्हणजे ३,२०० कोटी लिटर. मुंबईला महापालिका दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी देते. म्हणजे मामांच्या एका वळशात जेवढं आभाळ येतं, तेवढ्यातून मुंबईची आठ दिवसांची तहान पडते.

तहान खरोखरच तिकडे जातेही. मुंबईच्या सात तलावांपैकी अप्पर वैतरणा हा नाशिक जिल्ह्यात आहे, इथून फार लांब नाही. तो काठोकाठ भरला की २२,७०४ कोटी लिटर होतात, मुंबईचे एकोणसाठ दिवस. खाली त्याच नदीवर मध्य वैतरणा आणि मोडकसागर. दादरला नळ सोडणाऱ्या माणसाच्या बादलीत वैतरणेचं पाणी येतं, आणि तिचा डोंगर ज्या वळशात आहे त्या वळशातून पहाटे चारला मामा चालत असतात, हे त्याला कुणी सांगत नाही.

हाच पाऊस थेंबांत मोजायचा मोह मला आवरला नाही. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब धरला तर लिटरमध्ये दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास बसतात. गुणाकार केला की सातावर पंधरा शून्यांच्या पुढचा आकडा येतो, साधारण ७,६०,००,००,००,००,००,०००. फोनवर तो मावेना. हल्लीच्या मराठीत अब्जापुढे आपण गप्प होतो, किंवा लाख कोटी असं काहीतरी एकावर एक रचतो. पण ‘लीलावती’त नावं आहेत: अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. त्या हिशोबाने एका पावसाळ्यात फेरीच्या आत शहात्तर जलधी थेंब पडतात. जलधी म्हणजे समुद्र. एकावर चौदा शून्यं एवढ्या संख्येला ज्याने समुद्र म्हटलं, तो कधीतरी पावसात भिजला असणार, असं मला उगाच वाटतं. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. तिथेही डोंगर आहेत आणि पावसाळाही असतोच.

पूर्वेकडे गेलेल्या थेंबाचं काय होतं? तो अडवला गेला नाही आणि माणसाच्या चालीने, ताशी चार किलोमीटरने, न थांबता गेला तर पंधरा दिवसांत बंगालच्या उपसागराला मिळेल. प्रत्यक्षात अडवला जातोच. आधी गंगापूर धरण, मग नांदूर मधमेश्वर, मग पैठणचं नाथसागर. नाथसागर एकटं १०२ टीएमसीचं. त्यात मुंबईला दोन वर्षं पुरून उरेल एवढं पाणी मावतं. पुढे श्रीरामसागर आणि आणखी किती तरी. गोदावरीचं खोरं ३,१२,८१२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा पाच हजार चौरस किलोमीटरांनी मोठं. गंगाद्वारी उन्हाळ्यात जे पाणी ठिबकतं ते तांब्यात धरायला उभं राहावं लागतं. तीच नदी ऑगस्ट १९८६ मध्ये राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला ३५ लाख क्युसेक्सने गेली. क्युसेक्स हा शब्द आपण दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो आणि मान डोलावतो. ३५ लाख क्युसेक्स म्हणजे सेकंदाला जवळपास दहा कोटी लिटर. मुंबईचं एका दिवसाचं सगळं पाणी त्या पुरात एकोणचाळीस सेकंदांत समोरून निघून जातं. नाथसागर आठेक तासांत शून्यापासून भरतं. आमची फेरी त्या दिवशी साडेनऊ तासांत झाली.

या सगळ्यापुढे वाटेवरची कुंडं किती छोटी! प्रयागतीर्थावर माणसं ओंजळीने पाणी डोक्यावर घेतात आणि पुढे जातात. पण ती कुंडं त्या जागी असण्याला कारण आहे. दगड वरून एकसंध वाटतो, तसा नाही. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा माथा फुगलेल्या पावासारखा सच्छिद्र असतो आणि पोटात भेगा असतात. दोन पुरांच्या मध्ये काही हजार वर्षांची उसंत मिळाली असेल तर तिथे लाल मातीचा पातळ थर बसलेला दिसतो. पाणी भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर लागला की अडतं, आणि आडवं सरकत कड्याच्या अंगातून बाहेर येतं. जिथे बाहेर येतं तिथे झरा, झऱ्याला बांध घातला की कुंड, कुंडाशी कुणी दिवा लावला की तीर्थ. कुशावर्ताची कथा सांगते की लपत-छपत जाणाऱ्या गोदेला गौतमांनी कुशाच्या काडीने इथे अडवलं. डोंगरावर दिसून मग गडप होणाऱ्या आणि खाली पुन्हा उगवणाऱ्या पाण्याचं हे वर्णन मला तरी नेमकं वाटतं. ब्रह्मगिरीवरचं पाणी तसंच वागतं.

आणखी एक प्रदक्षिणा इथे चालू असते, तिच्याकडे बारा वर्षांतून एकदा लक्ष जातं. गुरू सिंह राशीत आला की त्र्यंबकला सिंहस्थ. पुढचा २०२६-२७ चा. गुरूला सूर्याभोवती एक फेरा पुरा करायला ११.८६ वर्षं लागतात. म्हणजे तो मंद, असं वाटतं. पण त्याची फेरी ४८९ कोटी किलोमीटरची आहे, आणि तो सेकंदाला तेरा किलोमीटर चालतो. आमचे वीस किलोमीटर, चिखलासकट, तो दीड सेकंदात उरकतो.

आकडा मोठाच असला पाहिजे असंही नाही. अंजनेरीच्या पठारावर कंदिलासारखी फुलं येणारं एक खर्चुडीचं रोप आहे. ते नवीन जात म्हणून शास्त्रात नोंदलं गेलं २००६ साली, आणि त्याच्या नावातच अंजनेरी आहे. पाच लाख चौरस किलोमीटरांच्या खडकाने त्याला राहायला जागा दिली ती या एवढ्याशा परिसरात. तिथेच, वरून पाहिलं तर पायाच्या आकाराचं दिसणारं तळं आहे, हनुमानाचं पाऊल म्हणून दाखवतात ते. मी फेरीच्या वाटेवरून त्या दिशेने बराच वेळ बघितलं. ढग होता.

आणि ढग नसता तर? १,२९८ मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज गणिताने १२८ किलोमीटरवर येतं. समुद्र ८०. म्हणजे ब्रह्मगिरीच्या माथ्यावरून अरबी समुद्र दिसायला हवा. मधले जव्हारकडचे डोंगर आणि हवेतलं धूसर मळभ ते गणित खाऊन टाकतात, पण मी मामांना विचारलं, कधी दिसला का? ते म्हणाले, “वर गेलो की आपण त्र्यंबककडे बघतो. बस कुठं लागलीय ते.”

घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मामींनी गरम पाण्याचं घमेलं पुढे केलं आणि साबुदाण्याची खिचडी. फोनवर माझी ३०,७०० पावलं पडली होती. मामांनी पाय पाण्यात सोडले आणि विचारलं, “तू म्हणालास ना, समुद्र त्र्याहत्तर फेऱ्यांवर. मग मी कुठवर आलो?”

मी हिशोब केला. महाराष्ट्रातली गोदावरी ६९४ किलोमीटरांची, म्हणजे पस्तिसाव्या फेरीला मामांनी राज्याची हद्द ओलांडली. एक्केचाळीस फेऱ्यांचे ८२० किलोमीटर झाले. तेलंगणात, श्रीरामसागर धरणाच्या पुढे कुठेतरी.

“तेलंगणात,” मामा स्वतःशी म्हणाले. त्यांना ते आवडलं असावं. “आणि राहिल्या किती?”

“बत्तीस.”

“एकतीस,” मामा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “बत्तीस.”